अर्धपरजीवी

सत्तेचाळीस नंबरला दोन खाटा, दोन टेबलं,
रजिस्टरला दोन नावं:
आदगोंडा पाटील, शिरोळ. बिरदेव लांडगे, कागल.
खाटांच्या मधल्या फरशीवर मी.

हॉस्टेलच्या भाषेत मी पॅरासाईट.
शिवी नव्हती ती, पदच होतं एक.
‘तुमच्या खोलीत किती?’ विचारायची पोरं,
घरी म्हशी किती, असं विचारावं तसं.

यादीत माझा नंबर एकशे बारा,
जागा सत्तर.
विद्यापीठ वाढतंय, असं व्यासपीठावरून कोणीतरी म्हणायचं
आणि माळावर एक कोनशिला बसायची.
समोर नवं हॉस्टेल चढत होतं, मजल्यामागून मजला,
त्याच्या सळ्यांवर आमच्या चड्ड्या वाळत.
माळावरचे मोर बावचळून
आमच्या गच्चीवर येऊन बसत,
त्यांचंही नाव कुठल्याच यादीत नव्हतं.

सकाळच्या गगनबावडा गाडीनं माझा डबा येई,
कंडक्टरच्या सीटखाली, सुतळीनं आवळलेला,
झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं माझं नाव,
बापानं काढलेलं, ‘भ’ला शेंडी जास्त.
स्टँडवर डब्यांचा ढीग, त्यात हात घालायचा
आणि गरम लागेल तो आपला नाही, हे ओळखायचं.
नाचणीची भाकरी, वाळका झुणका, कधी फणसाची भाजी.

मांडुकलीला रस्त्यावर पाणी आलं की
डबा नाही. चार चार दिवस नाही.
आदगोंडा दिवस मावळायच्या आत जेवायचा, घरची रीत.
त्या दिवसांत त्याची भूक नेमकी दोन चपात्यांनी कमी व्हायची.
ताट झाकून म्हणायचा,
‘मला आता चालत न्हाई, अंधार पडला.’
बाहेर लख्ख ऊन असायचं.

रात्री दहाला रेक्टरचा राऊंड.
वॉचमन हिंदुराव जिन्याच्या तळालाच खोकायचा,
तीनदा, सावकाश.
त्याला खोकला नव्हता.
मी वळकटी उचलून गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागं.
तिथं आम्ही सात-आठ जण, सगळ्या तालुक्यांचे,
श्वास धरून, टाकीचा ओलावा पाठीला,
खाली सगळं शहर दिवे लावून बसलेलं.

एमेस्सीच्या तोंडी परीक्षेला निंबाळकर मॅडमनी
ट्रेमध्ये आंब्याची फांदी ठेवली, तिच्यावर बांडगूळ.
‘पानं तर हिरवी आहेत याची. मग हा परजीवी कसा?’
म्हटलं, अर्धा, मॅडम.
अन्न आपलं आपण करतो.
फांदीकडून घेतो फक्त पाणी
आणि टेकायला जागा.
‘आणि फांदीला काय मिळतं?’
पुस्तकात लिहिलं होतं: काही नाही.
मी गप्प बसलो.
एक मार्क गेला.

दुसऱ्या वर्षाच्या जुलैत नवं हॉस्टेल उघडलं.
तिसरा मजला, खोली तीनशे नऊ,
दारावर टाईप केलेलं माझं नाव, ‘भ’ अगदी सरळ.
जोडीदार अजून आला नव्हता.
रंगाचा वास, कपाटाला दोन किल्ल्या,
गादीवर पडलो तर छत भलतंच जवळ वाटलं.
मग चादर खाली अंथरली.

हिंदुरावची बदलीही इकडंच झालेली.
दहाला जिन्यात खोकला आला, तीनदा.
झोपेतच वळकटी मारली मी, धावत गच्चीवर,
टाकीमागं बसलो,
आणि मग आठवलं.

शेजारी कोणीतरी होतं.
अंधारात नुसते दात आणि पिशवीचा कडकड आवाज.
‘कुठला?’
‘चंदगड.’
‘कितवा नंबर?’
‘एकशे एकेचाळीस. तुमचा?’

सांगणार होतो. कागद होता माझ्याकडं, शिक्क्याचा,
वरच्या खिशात.
तेवढ्यात खाली जवळच पुन्हा खोकला झाला
आणि आम्ही दोघंही
मान खाली घालून
टाकीला चिकटलो.