झुकतं माप

हडर्सफील्डच्या मार्केटात, सकाळी आठला,
मी माझी पेटी उघडते.
हिरव्या मखमलीत पितळेची वजनं,
पाच किलोपासून खाली एक ग्रॅमपर्यंत.
हात लावायचा नाही. चिमट्याने उचलायची.
बोटाच्या घामालाही वजन असतं,
हे मला या नोकरीनं शिकवलं.

"आल्या काटेवाल्या बाई,"
बर्फावर हॅडॉक मांडत क्लिफर्ड ओल्डरॉइड म्हणतो,
आणि चहा विचारतो.
मी नको म्हणते. तोही नियमच आहे.

किलो ठेवला.
काटा नऊशे ब्याऐंशीवर थांबला.
उचलून परत ठेवला. नऊशे ब्याऐंशी.
म्हणजे किलोमागे अठरा ग्रॅम मासळी
हा माणूस फुकट देत आलाय.
"ठाऊक आहे," तो म्हणाला, हात पुसत.
"वडिलांना एकदा दंड झाला होता, कमी भरलं म्हणून.
पेपरात नाव आलं. आईनं महिनाभर चर्च सोडलं.
तेव्हापासून तो असाच लावलेला."

मापात पाप नाही यात.
पुण्यच असेल, तर असेल.
माझ्या फॉर्मवर पुण्याचा रकाना नाही.

गेल्या शरदात, लीड्समध्ये, एका काचेमागे
मी सिंधूकाठचे ठोकळे पाहिले.
दगडी, चौकोनी, पट्ट्यापट्ट्यांचे.
एक तेरा ग्रॅमांच्या थोडा वर,
मग त्याच्या दुप्पट, मग चौपट, मग आठपट,
आणि शेकडो कोसांवरच्या गावांतही तेच.
कुठल्याच ठोकळ्यावर राजाचं नाव नाही.
त्यांची लिपी अजून कुणाला लागलेली नाही.
वजनं लागतात.
मी वाचली, चष्म्याशिवाय.

एकाचा कोपरा उडालेला होता.
पडला असेल हातून.
की घासला कुणी, रात्री, दिवा बारीक करून?
आणि मग सकाळी आलं असेल कुणी
आपली पेटी घेऊन,
चहाला, म्हणजे तेव्हा जे काही असेल त्याला,
नको म्हणत.

बाबिलोनात मद्य विकणारीनं माप मारलं
तर तिला पाण्यात फेकायचे.
दगडावर कोरून ठेवलंय तसं.
जास्त देणारीचं काय करायचं,
ते कोरायचं राहून गेलं बहुतेक.

माझी मावशी तासगावच्या बाजारात शेंगा विकायची.
पहिल्या मापाला एक म्हणायची नाही,
म्हणायची लाभ. लाभ, दोन, तीन.
शीग ढासळून गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडली
की डोळा तिसरीकडेच.
मी हिशोबाला बसलेली, अकरा वर्षांची, चिडायचे:
एवढं सांडलं तर उरणार काय?
ती म्हणायची, मोजणं वेगळं, देणं वेगळं.
मोजताना हात सरळ ठेव. मग बघू.

मी काट्यावर लाल स्टिकर लावला.
क्लिफर्ड काही बोलला नाही.
बापाचा फोटो उतरवावा तसं
काट्याकडे बघत राहिला.

दुपारी दुरुस्तीवाला येऊन गेला.
मी परत किलो ठेवला. एक हजार. बरोब्बर.
सही केली, शिक्का मारला.
या एका टेबलापुरतं तरी
जग पुन्हा जसं ठरलं होतं तसं झालं.

मिसेस आर्मिटेज आल्या, काठी टेकत.
नेहमीचं अर्धा किलो.
क्लिफर्डनं ठेवलं, काढलं, थोडं कापलं,
काटा पाचशेवर आणून सोडला.
माझ्याकडे बघितलं.
मग पारड्यातून उचलून कागदात घेतलं
आणि कागद मिटता मिटता
शेपटीकडचा एक तुकडा वरून टाकला.
त्यात काटा नव्हता.

मी पेटीची कडी लावत होते.
दिसलं नाही, असं मी कुठं लिहिलेलं नाही.
दिसलं, असंही नाही.