ओ

तिचं आडनाव ओ.
आमच्यात ओ म्हणजे हाकेला दिलेलं उत्तर.
प्रयागबाई पदर तोंडाला लावून हसल्या,
"मंग हिला हाक मारायची गरजच न्हाई की."

शेंद्र्याच्या कंपनीत मी दुभाषी.
साहेब कोरियनमध्ये ओरडतात, डोकं आहे का खोकं,
मी मराठीत सांगते, जरा बघून करा.
फिटर आईवरून देतो,
मी कोरियनमध्ये म्हणते, हो, लक्षात आलं.
दोन्हीकडचा विस्तव मधल्यामध्ये विझवते.
राख कुठं टाकायची
ते नेमणूकपत्रात नव्हतं.

प्रयागबाई गेस्ट हाउसवर.
करमाडहून टमटमनं येतात.
भांडी, फरशा, अठरा खोल्यांच्या चादरी,
आणि मधेच थांबून
स्वतःच्या छातीवर मूठ मारून घेतात.
घाटीत पट्टी काढली, नॉर्मल.
खाजगीत दुर्बीण घातली, नॉर्मल.
ॲसिडिटीच्या गोळ्यांनी पिशवी भरली.
"गोळा उठतो बाई. हितून निघतो अन् गळ्यापाशी बसतो.
थंडीत बी पंख्याखाली निजते मी.
आत चूल पेटेल हाय,
लाकडं कोण सारू राहिलं, दिसत न्हाई."

ओ आजी म्हणजे साहेबांच्या आई,
तीन महिन्यांसाठी आलेल्या.
त्यांनी ती मूठ पाहिली
आणि हातातला कप खाली ठेवला.
विचार तिला, म्हणाल्या, किती वर्षं?

"एकोणीस."
कशाची, ते प्रयागबाईंनी सांगितलं नाही.
आजींनी विचारलं नाही.

आजींच्या भाषेत याला शब्द आहे, ह्वाब्यंग.
ह्वा म्हणजे आग. ब्यंग म्हणजे आजार.
आगीचा आजार, मी सांगितलं.
"आगीचा न्हाई," प्रयागबाई म्हणाल्या,
"आग गिळायचा."
ते मी तसंच पोचवलं,
पाणी न घालता.

आजींनी छातीच्या मधल्या हाडावर अंगठा टेकवला.
प्रयागबाई कळवळल्या.
माझंही इथंच, आजी म्हणाल्या,
आमचा वैद्य इथं सुई टोचायचा,
श्वास मोजायला लावायचा, चार आत, सहा बाहेर,
आणि म्हणायचा, कुणाला काय बोलायचं राहिलं, लिहून काढ.
"मला लिहाया येत न्हाई."

मग धोपटायचं, आजी म्हणाल्या.
त्यांच्या आया कापडाची घडी बसायला धोपटायच्या,
दोघी समोरासमोर, दगडावर, चार दांडकी.
करमाडहून दोन मोगऱ्या आल्या.
बाकी दोन लाटणी.

दुपारी तीन, गच्ची, शहाबादी फरशी.
प्रयागबाई आधी हळूच, कंपनीची चादर म्हणून.
आजी जोरात.
धप टप, धप टप,
मग दोघींचा ठेका एक झाला
आणि प्रयागबाईंच्या तोंडून निघालं,
"हे भायाला."
धप.
"हे तहशीलातल्या बाबूला."
धप.
"हे दादाला,
साडी नेसवली, जेवू घातलं
अन् हक्कसोडीवर अंगठा घेतला,
दोन एकर, हिरीसकट,
अन् म्या म्हनलं, दादा, तुमीबी जेवा."
धप धप धप.

आजींनी माझ्याकडं पाहिलं.
भाषांतर कर, असं म्हणाल्या नाहीत.
चादर मधोमध फाटली.

बरं वाटलं का, असं विचारू नका.
दुसऱ्या दिवशी गोळा उठलाच.
"पर गळ्यापस्तोर न्हाई आला," एवढंच.

आजी गेल्या. लाटणी ठेवून गेल्या.
प्रयागबाई तिनाच्या ठोक्याला अजून वर जातात.
खाली माझ्या टेबलाशी ऐकू येतं,
धप, मग थोडी रिकामी जागा, मग धप.
समोरच्या बाईचा घाव पडायला
त्या जागा सोडतात.

परवा वरून हाक आली.
मी ओ दिली.
"कुणाला?" लाटणं पुढं करत त्यांनी विचारलं.
सांगते, म्हटलं, आधी बसू तर द्या.
बसले. उन्हानं फरशी तापलेली.
नाव काही केल्या आठवेना,
हात मात्र पहिल्या घावालाच उंच गेला.

आजवर पाच चादरी गेल्या.
स्टोअरवाल्यानं मेमो काढलाय, साहेबांसाठी, मराठीत.
भाषांतराला माझ्याकडं आहे.
पडून आहे.