विचारलंस म्हणून

परवा फोनवर विचारलंस, यास्ना,
हल्ली काय वाचतोस, काय बघतोस.
तेवढ्यात खाणीचा भोंगा झाला, तुझी बस लागली
आणि मी नुसतं "बरंच काही" म्हणालो.
आज सामुद्रधुनीत वारा एवढा
की पोर्वेनीरची फेरी बंद.
ट्रकवाले धक्क्यावरच पेंगतायत.
म्हणून सविस्तर.

वाचनाचं म्हणशील तर एक ऑक्टोपस आहे.
त्याला आठ मोजे विणायचेत आणि लोकर संपते.
रोज रात्री संपते. टोन्को रोज रात्री हादरतो.
सातव्या मोज्याची दोन पानं
कालाफातेच्या जॅमने चिकटलीत;
सोडवू देत नाही तो.
आत काय आहे ते त्यालाच ठाऊक,
आणि ते सांगण्यासारखं नाही म्हणतो.

माझंही एक आहे, जाड,
"तुम्ही बोटीवरचे, तुम्हाला आवडेल"
म्हणून वाचनालयातल्या बाईंनी गळ्यात मारलेलं.
मार्चपासून एकतिसाव्या पानावर आहे.
कप्तान अजून धक्क्यावर उभा, पिंपं मोजतोय.
मलाच त्याची दया येते.
माझ्याकडे निदान वेळापत्रक आहे.

सिनेमा अस्वलाचा. अकरा वेळा लावला.
पहिली चाळीस मिनिटं तोंडपाठ.
अस्वल पूल ओलांडायला पाय उचलतं
आणि माझा डोळा लागतो.
शेवट मला दोन माहीत आहेत.
रायेनच्या शेवटात अस्वल म्हातारं होऊन मरतं,
पण समजूतदारपणे.
टोन्कोच्या शेवटात ते बस चालवतं.
दोघंही शपथेवर सांगतात.
मी घोरत होतो, एवढ्यावर मात्र त्यांचं एकमत.

शाळेने रायेनला बासरी दिलीय, प्लास्टिकची, पिवळी.
तीन सूर नीट लागतात, चौथा घसरतो,
जिन्यावरून पातेलं घरंगळावं तसा.
साथीला पत्र्यावर वारा असतोच.
त्या दिवशी दोर गुंडाळताना मी तीच चाल शिट्टीवर घेतली,
तर इबाकाचे म्हणाला, चौथा चुकतोय.
मला रागच आला. तो चौथा तसाच आहे.
मंगळवारी तिचा चौथा बरोबर लागला.
मी टाळ्या वाजवल्या, पाव भाजून दिला,
आणि रात्री भांडी घासताना
हळूच, चुकीचा वाजवला. तोंडाने.

राहिला खेळ. लपाछपी.
घर केवढं ते तुला माहीत; लपायच्या जागा तीन,
त्यातली एक म्हणजे पडदा, आणि टोन्कोचे पाय दिसतात.
तरी पाच मिनिटं शोधायचं, हाका मारायच्या,
फ्रिजसुद्धा उघडून बघायचा. नियम रायेनचे.
टोन्को आता मोठा झालाय म्हणे,
म्हणून कच्चं लिंबू मी.

रविवारी मी कपाटात लपलो, तुझ्या निळ्या कोटामागे.
दोघांनी शंभरापर्यंत मोजले, सत्तरचं घर गाळून,
आणि मग बहुतेक टेबलावरचा पाव दिसला.
बारा मिनिटं मला शोधायला कुणी आलं नाही.
कोटाला शेगडीच्या धुराचा वास आहे अजून,
आणि तुझ्या त्या गुडघ्याच्या मलमाचा.
खिशात संत्र्याची साल, वाळून कडक.
पुस्तक काखेत होतंच, का ते विचारू नकोस.
मोबाईलच्या उजेडात उघडलं.
बत्तीस. तेहेतीस.
कप्तानाने पिंपं दिली सोडून,
कुणीतरी दोर सोडला,
आणि मी हँगरांच्या मध्ये गुडघे पोटाशी घेऊन
चक्क निघालो.

दार उघडलं. टोन्को. तोंडभर जॅम.
"तू अजून खेळतोयस?"

वारा उतरतोय. पुढच्या ट्रकने इंजिन सुरू केलंय,
इबाकाचे हात करतोय.
कोटाची चेन वरच्या टोकाला अडकते,
तू येईस्तोवर बदलून ठेवतो.
साल खिशातच आहे.
चौतिसाव्या पानाचा कोपरा मी दुमडलाय,
वाचनालयातल्या बाई भेटल्या कधी
तर टोन्कोचं नाव सांग.