तांबडे आकडे

टोर्सहाव्हनच्या बंदरावर, लोकरीच्या दुकानाच्या माळ्यावर
आमचा स्टुडिओ: दोन टेबलं, एक हीटर,
आणि चहा निवेपर्यंत फाइल न उघडणारा संगणक.
काम तसं किरकोळ. फेरीच्या प्रतीक्षागृहातल्या पडद्यावर
एक चिमुकली बोट, निळ्या नकाशावरून
दक्षिणेच्या बेटाकडे डुलत जाते.
चाळीस सेकंद. मग पुन्हा पहिल्यापासून.

बोट हेरगेरनं हलवलेली, नऊ वर्षांपूर्वी.
एकशे बारा कीफ्रेम, एकेक हातानं बसवलेली,
दोराला गाठी माराव्यात तशी.
इथे तीन अंश वर, इथे दोन खाली, इथे उणे साडेचार.
"म्हाताऱ्याला गणित येत नव्हतं का?" मी मार्युनला विचारलं.
"कॉड पकडता यायचा," मार्युन म्हणाली.

खरं तर एका ओळीचं काम.
रोटेशनवर एक्स्प्रेशन लावलं: साइन, वेळ, गुणिले स्लायडर.
आकडे तांबडे झाले.
तांबडे म्हणजे, इथं आता हाताचं चालत नाही.
बोट डुलू लागली, गुळगुळीत, न थकता,
आणि मी जेवायला गेले.

गंमत अशी की एक्स्प्रेशन खालचं काही पुसत नाही.
गाठी पट्टीवर तशाच असतात, हिऱ्यांसारख्या,
फक्त त्यांना कुणी विचारत नाही.
(निवृत्त माणसांसारख्या, असं लिहिणार होते. खोडलं.)

परवा पसारा आवरताना
एक रिकामा लेयर मी डिलीट केला.
स्लायडर त्याच्याच पोटात होता.
सूत्रानं हाक मारली, ओ आली नाही.
खाली पिवळी पट्टी उमटली: ओळ एक, चूक.
तांबडे आकडे निळे झाले.

पण बोट थांबली नाही.
ती हेरगेरची चालू लागली.

नाक उचललं, वर गेली,
आणि वरच राहिली. पाच फ्रेम.
मग आपटली, जराशी डावीकडे कलून,
सावरताना दोनदा थरथरली,
भरल्या पोटानं घरी येणाऱ्या बोटीसारखी.
या पाच फ्रेम कुठल्याच साइनमध्ये नाहीत.
तिसऱ्या लाटेला त्या सात होतात.
सव्विसाव्या सेकंदाला,
दोन बेटांमधल्या ओढीच्या पाण्यात, बारा.
अर्ध्या सेकंदाला जरा कमी.
तेवढा वेळ माझ्या पोटात गोळा.

हेरगेरला फोन केला.
"कुठली बोट?" म्हणाला.
मग म्हणाला, तिचं अर्धं बिल अजून यायचंय.

सूत्र मी काढलं नाही. बदललं.
आता ओळ 'व्हॅल्यू' या शब्दानं सुरू होते,
म्हणजे आधी जे आहे ते.
त्याला गुणिले वारा. रोज सकाळी
वेधशाळेचा आकडा नव्या स्लायडरवर टाकते, रेंडर करते.
वादळात उणे साडेचारचे उणे सात होतात,
शांत दिवशी जेमतेम एक.
पण त्या बारा फ्रेम बाराच राहतात,
गुणाकार त्यांना शिवत नाही.
आकडे पुन्हा तांबडे. बाहेरून बघणाऱ्याला
सगळं माझंच वाटेल.

काल प्रतीक्षागृहात डोकावले.
एक बाई विणत बसली होती, पडद्याकडे पाठ नव्हती, लक्षही नव्हतं.
सव्विसाव्या सेकंदाला तिच्या सुया थांबल्या.
टाके मोजत असेल कदाचित.
पुढच्या फेरीला बघावं म्हटलं,
तेवढ्यात खरी बोट लागली, आणि ती उठून गेली.