कावळा शिवला

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात विल्मा आली
आणि पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली.
"काचेचे गोळे गेल्या साली मांजरानं फोडले," म्हणाली.
"औंदा कापडाचे करूया. घरातल्याच कापडाचे."

हळदोण्यात माझं मशीन तेवीस वर्षं चालतंय,
चर्चच्या चढावर, पावाच्या भट्टीला लागून.
त्यामुळे माझ्या ब्लाउजांना पावाचा वास येतो.
आजवर कुणी तक्रार केलेली नाही.
चतुर्थीला मखराचे पडदे शिवते, मे महिन्यात लग्नाचे झगे,
पण झाडावर टांगायचं असं
कधी काही शिवलं नव्हतं.

पिशवीत
रोकच्या बोटीवरच्या गणवेशाची निळी बाही,
थोरलीचा कम्युनियनचा झगा, आता काखेत तंग,
सोर्पोतेलचा डाग पडलेला चौकड्यांचा टेबलक्लॉथ,
आणि अगदी तळाशी, घडी घातलेलं काळं.
काळ्याला तिनं हात लावला नाही.
मीही नाही.

निळ्याचे मासे केले. ती म्हणाली बांगडे,
मी म्हटलं पेडवे,
शेपटीवरून वाद घालण्यात एक दुपार गेली.
सॅटिनचे तारे पाच टोकांचे,
एक चुकून सहाचा झाला,
तो तिनं उसवू दिला नाही.
आत भरायला सावरीचा कापूस,
माझ्या माहेरचा, वाळपईचा.
तो नाकात जातो. आम्ही दोघी शिंकत होतो
आणि धाकटा आग्नेल सुया ओवून देत होता,
प्रत्येक वेळी
आधी एक डोळा मिटून, मग जीभ बाहेर काढून.

चौथ्या दिवशी विल्मानंच काळ्याची घडी उलगडली.
"सतरा तारखेला वर्ष झालं. आईचं.
आता रंगीत घालता येतं मला,
पण कपाटात हे असलं की रंगीत हाताला लागत नाही.
टाकवत नाही. कुणाला देववत नाही.
तू हेही काप."

काळ्या क्रेपचं झाडावर काय होणार?
मांजर तिला नको होतं, कारण उघड आहे.
कात्री धरून बसले नुसती.
मग खडूची रेघ न मारताच
पाठीपासून कापत गेले,
मान, चोच, पंखांचे दोन तुकडे.
डोळ्याला ब्लाउजचा हूक.

"कावळा?" विल्मा म्हणाली. "नाताळाच्या झाडार?"

आमच्याकडे दहाव्या दिवशी
म्हादईकाठी भात मांडून
माणसं याचीच वाट बघतात,
उन्हात, हात जोडून,
गेलेल्याच्या मनात काय राहिलं असेल
ते एकेक आठवून बोलत:
धाकटीचं लग्न करू. विहीर उपसू. गाय विकणार नाही.
माझ्या बापाच्या वेळी दीड वाजला तरी आला नाही.
शेवटी भटजींनी दर्भाचा केला आणि लावला.
हातानं केलेलाही चालतो, हे तेव्हा कळलं.

एवढं सगळं नाही सांगितलं तिला.
म्हटलं, आमच्यात हा आला
की माणूस सुखानं गेलं असं धरतात.

विल्मानं सुई उशीत टोचून ठेवली.
"शेवटी फणस मागत होती," म्हणाली.
"डिसेंबरात कुठून आणू, म्हटलं मी.
ओरडलेच जरा."

भट्टीतून पोया निघाल्या, वास आला.
ती उठून घरी गेली, परत आली,
मुठीत एक आठळी,
मे महिन्यातली, वाळून खडखडीत.
पोटाची शिवण अजून मोकळी होती.
कापूस बाजूला सारून तिनं ती आत ठेवली.
मी शेवटचा टाका घातला, दोरा दातानं तोडला.

"शिवला?" तिनं विचारलं.

"शिवला."

आता त्यांच्या बाल्कांवात
तेलाच्या डब्यात वाळू भरून सुरूची फांदी उभी आहे.
पेडवे वाऱ्यावर हलतात, सहा टोकांचा तारा सगळ्यात वर.
आठळीच्या वजनानं कावळ्याची डहाळी वाकते
आणि तो नेमका मांजराच्या उंचीवर येतो.
आग्नेल रोज शाळेतून आला की
त्याला पुन्हा वर बांधतो.