शांत तास

शिरोलीच्या फाउंड्रीची चिमणी,
उंची तीस मीटर, तोंडाशी एकशे चाळीस अंश.
मंगळवारी मी ती स्क्रीनवर उभी केली
आणि रीतीप्रमाणे बरोबर तिच्याखाली
जमिनीत उलटी टांगलेली दुसरी.
धूर मातीत मुरत नाही, आपटून परत वर येतो;
गणिताला एवढं पटवायचं
तर पाताळात एक खोटी चिमणी पेटवावी लागते.

वारा मावळतीचा.
शेपूट फुगत जातं हालोंडीकडं,
मध्ये दाट, कडांना विरळ.
तिथं माझा बिंदू क्रमांक सत्तेचाळीस,
जमिनीपासून दीड मीटर, माणसाच्या नाकाएवढा.
शेजारच्या अंगणवाडीत
एवढं उंच नाक कुणालाच नाही.

पडताळणीचं यंत्र ठेवलं अक्काताई मगदुमांच्या गच्चीवर,
सांडगे आणि कुरड्यांच्या मधल्या जागेत.
चोवीस तासांनी कागद काढला:
तव्याची पाठ.
"रोज बदलतायसा ह्यो?"
"रोज."
"बरं हाय तुमच्या मशिनीचं."
मालक त्यांचे तिथंच मोल्डर होते.
नाक शिंकरलं की काळं यायचं,
म्हणायचे, पगार झाला.

सूत्रात वाऱ्याचा वेग छेदात असतो.
वेग शून्य झाला की उत्तर आभाळाला जातं,
म्हणून प्रोग्राम तसले तास गाळून टाकतो
आणि शेवटी प्रामाणिकपणे लिहितो:
शांत तास, सहाशे बारा.

शांत. म्हणजे पौषातली पहाट,
पंचगंगेवर धुकं, धारेला उभ्या म्हशी,
गुऱ्हाळाचं चुलवाण रात्रभर जागं,
शेवग्याचं पान हलत नाही.
धूर थोडा वर जातो,
वरच्या उबदार हवेच्या झाकणाला डोकं लावतो
आणि गल्लीत खाली उतरून बसतो,
जेवल्याशिवाय न उठणाऱ्या पाव्हण्यासारखा.

सरासरी अठ्ठ्याण्णव. मर्यादा शंभर.
साहेबांनी पेन्सिलीनं बरोबरची खूण केली,
सही माझी राहिली होती.
मी गाळलेल्या तासांची फाईल उघडली.
चौदा जानेवारी, पहाटे पाच, शून्य.
चौदा जानेवारी, पहाटे सहा, शून्य.
पुढचं पान, शून्य.

अक्काताईंना फोन लावला:
पहाटे पाचला तुम्ही काय करता?
"पाचला? अंगण लोटतो की. का वो?"
मागं कुणीतरी बादली सरकवली.
"आन् काय निघालं मशिनीत?"

वारं नव्हतं, म्हटलं,
त्या वेळचं काही निघालं नाही.