पंख कुठं पडले

"लाईट घालवा, परातीत पाणी ठेवा!"
निलव्वा कुंपणावरून ओरडली तेव्हा
आमच्या ट्यूबलाईटखाली पंखांचा नुसता गलका,
आवाज नसलेला.
खानापूरच्या स्टेशन रोडवर
भजीवाल्यानं कढईवर झाकण ओढलं.
आम्ही दार सताड उघडलं,
टॉवेलानं हाकलत हाकलत बाहेर घालवलं सगळ्यांना.

सकाळी केरात पंख.
कांद्याच्या सालीसारखे, पण एका मापाचे.

झाडून टाकले असते.
मोनाप्पा बडिगेर झोपाळ्याची कडी बसवायला आला होता,
त्यानं केरसुणीच धरली.
"थांबा की अक्का.
पंख कुठं पडलेत ते तर बघू."

अंगणातल्या दिव्याखाली पडले, तर ते कुणाचेही.
रानाचे, शेजारचे. उजेडाला आले, गेले.
बंद खिडकीच्या आत, चौकटीच्या पायाशी पडले
तर ते आलेले नव्हेत.
निघालेले.

स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं त्यानं चौकट वाजवली.
वर लाकूड.
गुडघ्याखाली पुठ्ठा.
सागाचं पांढरं घालू नका, हे त्यानंच सांगितलं होतं
सहा वर्षांपूर्वी;
वाचलेल्या पैशात आम्ही गेटला रंग दिला.

"असं वऱ्हाड निघायला
घराणं चार-पाच वर्षं मुरावं लागतं."

म्हणजे आमच्या वास्तुशांतीच्या मागंपुढं
त्यांचीही झाली.
एक जोडी, पंख आधीच टाकून दिलेली,
ती पुढं, तो तिच्या पाठीला लागून,
पायाची भेग बघत फिरली असेल.
आवडली असेल.

मोनाप्पा तिला गेद्दलु म्हणतो, मी वाळवी.
ती कशालाच ओ देत नाही.
कपाटात सासऱ्यांचं मराठी खरेदीखत,
त्याखाली कानडी उतारा;
दोन्हींच्या कडेनं मातीची एकच ओळ,
घाई नसलेल्या हातानं ओढलेली.

रविवारी माणसं येतील,
भिंतीच्या बुडाला फूट-फूट अंतरावर भोकं पाडतील,
औषध ओततील.
हे खर्च विचारतायत.
मी हिशेब करते तो वेगळाच:
काल टॉवेलानं हाकललेले
कुठल्या दिशेनं गेले?

कुंपणापलीकडं निलव्वानं
पोराच्या खोलीसाठी नवा पाया खणलाय.
माती अजून ओली आहे.

चहा झाला की जाते.
सांगायला हवं.